कातळाच्या काठावर घडलेले पाणबुडे

स्कूबा डायव्हिंगचा इतिहास बहुतेक ठिकाणी एका यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. फ्रेंच नौदलातला अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो आणि ‘एअर लिक्विड’ कंपनीतला इंजिनिअर एमील गान्यां यांनी 1943 साली ‘ॲक्वा-लंग’ तयार केले, माणूस पाण्याखाली मोकळा झाला, आणि मग ‘कॅलिप्सो’ जहाजावरून जगभरचे समुद्र धुंडाळले गेले, असा हा क्रम. या क्रमात कारखाना आहे, नौदल आहे, जहाज आहे. किनारा मात्र नाही. माझे म्हणणे असे की, यंत्र कारखान्यात झाले हे खरे असले, तरी ते वापरणारा माणूस खडकाळ किनाऱ्यावर आधीच तयार झाला होता. कातळावरून पायी पाण्यात उतरणारे, चष्मा लावून तळ न्याहाळणारे आणि दम संपला की नाइलाजाने वर येणारे हौशी लोक नसते, तर ते यंत्र आणखी काही वर्षे गोदामात पडून राहिले असते. आणि पुढे या हौसेला जी शिस्त लागली, जो संयम आला, त्याचाही मोठा भाग बोटीवर नव्हे, काठावरच शिकला गेला.

यंत्र वाट पाहत पडून राहू शकते, याचा पुरावा जुना आहे. फ्रान्समधल्या एस्पालिऑन या गावचा खाण-इंजिनिअर बेनुआ रूकेरोल याने 1860 मध्ये खाणीत अडकलेल्या माणसांच्या सुटकेसाठी हवेचा नियामक बनवला. श्वास घेतला की हवा द्यायची, सोडला की थांबायचे, एवढे काम तो करी. 1864 मध्ये नौदलातला लेफ्टनंट ओग्युस्त दनेरूझ याच्या जोडीने तो पाण्याखाली वापरण्याजोगा केला गेला. ज्यूल व्हर्नने आपल्या कादंबरीत कॅप्टन निमोच्या माणसांच्या पाठीवर चढवलेली यंत्रणा हीच. मात्र त्या काळच्या टाकीत जास्त दाबाची हवा मावत नसे, त्यामुळे प्रत्यक्षात ती बहुधा नळीने वरच्या पंपालाच जोडलेली राही. म्हणजे पाणबुड्यामागे पुन्हा बोट आली, पंप मारणारे मजूर आले, दोर धरणारा सोबती आला. तांब्याच्या शिरस्त्राणाचा पाणबुड्या तर याच व्यवस्थेचा नोकर होता. बुडालेले जहाज, बंदराचा पाया, स्पंज, मोती अशा ठरलेल्या कामासाठी त्याला खाली सोडत आणि काम झाले की वर ओढून घेत. केवळ बघण्यासाठी खाली जावे, असे या व्यवस्थेत कोणाला परवडणारे नव्हते.

ही इच्छा जागी झाली ती 1930 च्या दशकात, फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, म्हणजे रिव्हिएराला. तिथली भूरचना त्याला कारण आहे. मार्सेयपासून नीसपर्यंत जागोजागी चुनखडीचे नाहीतर तांबूस दगडाचे कडे थेट पाण्यात उतरतात. चार हात पोहत गेले की पायाखाली पाच-दहा मीटर खोली असते. नदीचा गाळ कमी, त्यामुळे पाणी नितळ. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, तेव्हा आज ज्या खडकावरून उतरलो तोच खडक उद्या त्याच उंचीवर सापडतो. अशा काठावर साध्या पोहण्याच्या चष्म्यानेही एक नवे जग दिसू लागले. गाय गिलपॅट्रिक हा अमेरिकन लेखक अँटीब परिसरात राही. चष्म्याच्या फटी बुजवून, हातात भाला घेऊन तो मासे मारी आणि त्यावर लेख लिही. 1938 मध्ये त्याचे पुस्तकही आले. 1937 च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाहून आलेला हान्स हास हा तरुण याच किनाऱ्यावर गिलपॅट्रिकला पाहून ही विद्या शिकला आणि पुढे पाण्याखालच्या छायाचित्रणाचा एक प्रणेता झाला. टूलाँला नौदलातला फिलिप तायये हे वेड घेऊन बसला होता. 1936 मध्ये त्याने दिलेला चष्मा लावून कुस्तोने काठाजवळच्या पाण्यात डोके बुडवले. सानारी गावचा फ्रेडरिक द्युमा तर त्या काठावरचा पट्टीचा शिकारी. दोन तासांत शंभर किलो मासा मारून दाखवतो अशी त्याने गावकऱ्यांशी पैज लावली आणि पाच बुड्यांत चार गोब्रे आणि एक भला थोरला लीश मासा मिळून सव्वाशे किलोंच्या वर माल बाहेर काढला, असे कुस्तोने लिहून ठेवले आहे. रबरी पंखांचे पेटंट लुई द कोर्लियने 1933 मध्ये घेतले होते. दशक संपता संपता नाकासह चेहरा झाकणारा एका काचेचा मुखवटाही आला. म्हणजे टाकी आणि नियामक सोडले तर आजच्या पाणबुड्याचा बहुतेक सरंजाम या काठच्या शिकाऱ्यांनी महायुद्धाआधीच वापरात आणला होता.

त्यांची अडचण एकच होती, ती म्हणजे दम. 1942 मध्ये कुस्तो, तायये आणि द्युमा यांनी अठरा मीटर खोलीवर चित्रपट काढला, तोही श्वास रोखून. दर बुडीत कॅमेऱ्याला मिळे ती मिनिट-दीड मिनिटाची उसंत. याच गरजेपोटी कुस्तो डिसेंबर 1942 मध्ये पॅरिसला गान्यांकडे गेला. कुस्तोचे सासरे ‘एअर लिक्विड’मध्ये वरच्या पदावर होते, म्हणून दार चटकन उघडले. युद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांने एक झडप केली होती. तीच श्वासासाठी बदलून घेतली. जानेवारीत पॅरिसजवळ मार्न नदीत चाचणी झाली. माणूस आडवा असेपर्यंत ती ठीक चाले, उभा राहिला की हवा वाया जाई आणि उलटा झाला की हवा मिळेनाशी होई. बाहेर सोडलेली हवा आणि आतली पडदी एका पातळीवर हव्यात, हे लक्षात आल्यावर दोष गेला. खरी कसोटी लागली ती जून 1943 मध्ये, बांदोल गावाजवळच्या एका आडोशाच्या खाडीत. रेल्वेने आलेली लाकडी पेटी उघडून तीन नळकांड्यांचे ओझे कुस्तोच्या पाठीवर चढवले गेले. त्याची पत्नी सिमोन पृष्ठभागावर तरंगत, मुखवट्यातून त्याच्यावर नजर ठेवून होती. काही बिनसले तर धावून जाण्यासाठी द्युमा काठावर तयार बसला होता. आंघोळीला येणारी माणसे आणि इटालियन सैनिक यांच्या नजरेआड असा काठ त्यांनी मुद्दाम निवडला. जहाज नाही, पंप नाही, वरून दोर नाही. एक माणूस खडकावरून चालत पाण्यात गेला आणि चालतच बाहेर आला. त्या उन्हाळ्यात या मंडळींनी शेकडो बुड्या मारून यंत्राच्या मर्यादा पारखल्या. पुढच्या खोल बुड्यांना बोट लागली, हे मान्य. पण यंत्रावर विश्वास बसला तो काठावरच.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. कुस्तो नौदलाचा, गान्यां कंपनीचा, पैसा उद्योगाचा. मग श्रेय खडकाला कसे? हा आक्षेप तपासायला दोन समकालीन उदाहरणे हाताशी आहेत. ईव्ह ल प्रिअर हाही नौदलाचाच अधिकारी. त्याने 1926 पासून दीडशे वातावरण दाबाची हवेची टाकी पाणबुड्याच्या अंगावर चढवली होती आणि 1935 मध्ये चित्रपटकार झाँ पँलव्हे याच्या जोडीने पाणबुड्यांचा क्लबही काढला होता. पण त्याच्या यंत्रात हवा हाताने झडप फिरवून सोडावी लागे आणि ती सतत वाहत राही. टाकी लवकर रिती होई. म्हणजे दाबाची टाकी होती, मागणीप्रमाणे हवा देणाऱ्या नियामकाचे तत्त्व साठ वर्षे जुने होते, आणि तरी दोन्हींची गाठ पडायला आणखी काळ गेला. दुसरे उदाहरण जॉर्ज कोमेन याचे. अल्सासच्या या इंजिनिअरने बचावकार्याच्या उपकरणांतून स्वतंत्रपणे असेच यंत्र घडवले आणि 1943 मध्येच ते घेऊन मार्सेयच्या समुद्रात पन्नास मीटरच्या खाली बुडी मारली गेली. 1944 मध्ये कोमेन युद्धात मारला गेला, त्यामुळे त्याच्या यंत्राचे पुढे काय झाले असते याचा निवाडा आज करता येत नाही. पण एवढे दिसते की यंत्र करणारे अनेक होते. ते मिळताच दिवसाकाठी पाण्यात उतरून त्याचे दोष सांगणारी, आधीच पाण्यात मुरलेली माणसे कुस्तोकडे होती. द्युमासारखा माणूस नौदलाच्या भांडारातून किंवा कंपनीच्या प्रयोगशाळेतून मिळत नसतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. खडकाळ किनाऱ्यावरून बुडी मारणे ही विसाव्या शतकाची गोष्ट नव्हे. जपानच्या आमा आणि कोरियातल्या जेजू बेटाच्या हेन्यो बाया पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या आहेत. हे अगदी खरे, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. आमांमध्ये काठावरून पोहत जाणाऱ्या आणि बोटीवरून दोराच्या आधाराने खाली जाणाऱ्या असे दोन वर्ग फार पूर्वीपासून मानले जातात, म्हणजे काठाची आणि बोटीची बुडी निराळी आहे ही जाण त्या समाजांना होतीच. शिवाय पाठीवरची टाकी आल्यावरही या दोन्ही परंपरांनी ती दूर ठेवली, कारण दम हीच शिकारीवरची मर्यादा होती. फरक आहे तो हेतूचा. आमा आणि हेन्यो यांच्यासाठी बुडी हा उदरनिर्वाह होता. रिव्हिएराच्या लोकांसाठी ती हौस होती, आणि हौसेला खाली जास्त वेळ थांबायचे असते. टाकीची गरज भासली ती तिथे.

हाच नियम दुसऱ्या किनाऱ्यावर ताडून पाहता येतो. कॅलिफोर्नियात कार्मेलजवळ पॉइंट लोबोस म्हणून खडकाळ भूशिर आहे. 1897 मध्ये गेन्नोसुके कोदानी हा जपानी संशोधक-व्यापारी तिथे आला. खडकाला चिकटून राहणाऱ्या ॲबलोन या मांसल शिंपल्याचा धंदा त्याने काढला आणि जपानच्या चिबा प्रांतातून श्वास रोखून बुडणारे पुरुष पाणबुडे आणवले. पण तिथले पाणी इतके गार की त्यांचे अंग टिकाव धरेना. लगेच शिरस्त्राण, पंप आणि बोट आणावी लागली. त्या खाडीकाठचा डबाबंद ॲबलोनचा कारखाना 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. इथे बुडी पुन्हा बोटीची आणि कामापुरती झाली. हौस रुजली ती दक्षिणेकडे, सॅन डिएगोजवळच्या ला होया परिसरात, जिथे पाणी त्या मानाने कोमट आहे. 1933 मध्ये काही तरुणांनी ‘बॉटम स्क्रॅचर्स’ हा क्लब काढला. घरी बनवलेले चष्मे आणि स्वतः घडवलेले भाले ही त्यांची सामग्री. सभासद व्हायचे तर एका दमात तळाशी जाऊन तीन ॲबलोन वर आणावे लागत. तेव्हा सॅन डिएगोच्या पोरांचा आणि सानारीच्या द्युमाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी सारख्या काठाने दोन्हीकडे सारखी माणसे घडवली. युद्धानंतर फ्रान्सहून ॲक्वा-लंगची पहिली खेप कॅलिफोर्नियात आली, तेव्हा ती विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार उभे होते.

शिस्तीची कहाणीही इथलीच. भूमध्य समुद्रात खडकावरून घसरले तरी बहुधा खरचटते एवढेच. पॅसिफिकची लाट माणसाला कातळावर आपटते. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या पाणबुड्याला यंत्राआधी लाट वाचावी लागली. मोठ्या लाटांचे झुंड किती वेळाने येतात हे काठावर उभे राहून मोजायचे, पायात पंख चढवल्यावर पाठमोरे पाण्यात शिरायचे, केल्प या महाकाय शेवाळात अडकल्यास धडपडायचे नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरण्याआधी बाहेर येण्याची जागा पक्की करायची. बोटीवर परत चढायला शिडी असते. काठावर लाट बदलली की मघाशी सोपी वाटलेली वाट बंद होते. ला होयाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिम्बॉने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना बुडी शिकवण्याची पद्धत बसवली. 1954 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतर्फे अल टिलमन आणि जीवरक्षक बेव्ह मॉर्गन तिथे शिकून आले आणि काउंटीने सर्वसामान्यांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम उभा केला. अमेरिकेत सरकारी पातळीवर हौशी पाणबुड्यांना शिकवण्याची ती सुरुवात मानली जाते. 1960 मध्ये राष्ट्रीय पातळीवर पाणबुड्यांच्या शिक्षकांची संघटना निघाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत टिलमन होताच. समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या खात्यातून ही विद्या बाहेर पडली, हा योगायोग नाही. काठावर मरणारी माणसे त्यांनाच उचलावी लागत. गार पाण्यावरचा उपाय ठरलेला नियोप्रीनचा पोशाखही 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातच, बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून आला. लिम्बॉ स्वतः 1960 मध्ये वारला तो फ्रान्सच्या कासी गावाजवळ, पोर-म्यू इथल्या पाण्याखालच्या गुहेत. शिस्तीचा शिक्षकच असा गेल्यामुळे गुहेतली बुडी ही निराळीच विद्या आहे, हे पाणबुड्यांच्या जगाला कळून चुकले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. याच हौशी शिकाऱ्यांनी काठ ओरबाडला, मग त्यांच्या पदरात संयमाचे श्रेय कसे घालायचे? द्युमाची पैज आणि बॉटम स्क्रॅचर्सची प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर असताना हा आरोप नाकारता येणार नाही. पण काठावरचा माणूस आणि बोटीवरचा माणूस यांच्यात एक भेद आहे. बोटीला एक खडक रिकामा झाला की पुढच्या खडकावर जाता येते. काठावरचा माणूस वर्षानुवर्षे त्याच दगडावर परत येतो, आणि काल तिथे असलेला गोब्रा आज नाही हे त्याला पाहावेच लागते. कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या ॲबलोनचे उदाहरण बोलके आहे. हा शिंपला काठापासून दूर, खोल पाण्यात वाढतो; 1970 च्या दशकात बोटींवरच्या व्यापारी पाणबुड्यांनी तो काही वर्षांत संपवला, आणि 2001 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेलेला तो पहिला समुद्री अपृष्ठवंशी जीव ठरला. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला लाल ॲबलोन फक्त श्वास रोखून काढावा, टाकी वापरू नये, असा नियम होता. तिथली हौशी शिकार 2017 पर्यंत चालू राहिली आणि मग समुद्रातल्या बदलांनी केल्पची वने कोसळल्यावर थांबवावी लागली. फ्रान्सनेही टाकी पाठीवर घेऊन भाला चालवण्यास मनाई केली. टूलाँजवळच्या पोर-क्रो बेटाभोवतीचा समुद्र 1963 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. 1993 पासून त्या किनाऱ्यावर भाल्याने गोब्रा मारणे बंद झाले आणि गोब्रा परतला. कोदानीच्या कारखान्याच्या खाडीभोवतालचे पाणी 1960 मध्ये संरक्षित झाले. अमेरिकेतल्या पाण्याखालच्या राखीव क्षेत्रांत ते पहिले गणले जाते. हा संयम उशिरा आला आणि कायद्याच्या धाकाने आला, हे खरे. पण कायद्यासाठी साक्ष देणारे लोक त्याच खडकावरचे होते.

मराठी वाचक इथे विचारील की कोकणात कातळाला तोटा नाही, मग आपल्याकडे ही हौस का रुजली नाही? हा प्रश्न माझ्या म्हणण्याची मर्यादा दाखवतो आणि ते नेमकेही करतो. नुसता खडक पुरत नाही. पाणी नितळ हवे आणि समुद्र काठाशी स्थिर हवा. आपल्याकडे नद्यांचा गाळ पाणी गढूळ करतो, पावसाळ्यात चार महिने समुद्र खवळलेला असतो आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत तो पाच मीटरच्या आसपास जातो. त्याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. ओहोटीला कातळ आपोआप उघडा पडतो, आणि त्यावरची कालवे काढायला बायका पायी जातात. समुद्र स्वतःच मागे सरून तळ दाखवत असेल, तर बुडी मारायचे कारण उरत नाही. रिव्हिएराला समुद्र कधीच मागे सरत नाही, म्हणून माणसाला आत जावे लागले. कॅलिफोर्नियातही ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरचा ॲबलोन आधी पायीच वेचला जाई. तो विरळ झाल्यावर आणि उथळ पाण्यातून काढण्यावर बंधने आल्यावरच पाणबुड्यांचे दिवस आले. कोकणात स्कूबा आली ती अलीकडे, पर्यटनाच्या हाताला धरून, मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आणि बोटीवरून. नवख्या माणसाला मार्गदर्शक धरून खाली नेतो, काही मिनिटे मासे दाखवतो आणि वर आणतो.

त्यात गैर काही नाही. पण या इतिहासाने काही शिकवले असेल तर ते असे की समुद्राची राखण पाहुण्यांच्या भरवशावर होत नाही. मालवणचा समुद्र 1987 मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तो अजूनही कागदावर जितका राखीव आहे तितका पाण्यात नाही. तिथले मार्गदर्शक बहुतांशी मच्छीमारांच्या घरचे तरुण आहेत, आणि तोच खडक महिनोन्‌महिने पाहणारे डोळे आज त्यांच्याच चेहऱ्यावर आहेत. द्युमाकडे आणि लिम्बॉकडे जे होते ते त्यांच्याकडे आहे. कोणत्या खडकावर काय वाढले, काय संपले, याची नोंद त्यांच्याकडून दरवर्षी घ्यावी आणि राखीव क्षेत्राचे निर्णय घेताना त्यांना समोर बसवावे. पर्यटकांच्या संख्येपेक्षा ते काम जास्त टिकाऊ ठरेल.